दोघंच, दोनच गावं: परभणीहून व्हिएतनामच्या समुद्राकाठी आणि डोंगरात

सगळ्यात आधी, दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामच्या किनाऱ्यावर जायचा विचार डोक्यातून काढून टाका. आम्ही पहिल्यांदा दिवाळीतच गेलो. आपल्याकडं दसऱ्यानंतर आभाळ मोकळं होतं, सोयाबीनच्या राशी होतात, हवा कोरडी होते. तिकडंही तसंच असेल असं धरून चाललो. पण व्हिएतनामच्या मधल्या किनारपट्टीवर खरा पाऊस सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत असतो. ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरून भरून येतात, किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडतात आणि तिथंच रिते होतात. होई आन हे गाव थू बोन नदीच्या मुखाशी आहे. नदी चढली की जुन्या गावातल्या गल्ल्यांतून होड्या चालतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीला तर जुनं गाव पाण्यातच होतं. आम्ही गेलो त्या वर्षी एवढं नव्हतं, तरी पाचांपैकी चार दिवस आम्ही खोलीच्या खिडकीतून पाऊस बघत काढले.

दुसऱ्यांदा मार्चअखेरीला गेलो आणि तेच गाव वेगळं भेटलं. हा लेख त्या दोन्ही खेपांतून शिकलेलं सांगण्यासाठी आहे. आम्ही परभणीचे. यांची शेती, मी शाळेतून निवृत्त. दोघंही साठीच्या आसपास. इंग्रजी कामापुरतं. तिकिटं, व्हिसा, राहणं सगळं घरी बसून फोनवर केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "टूरवाल्याबरोबर न जाता दोघंच जायलाव का?" हो, दोघंच. आणि तुम्हीही जाऊ शकता, म्हणून एवढं तपशिलात लिहिते आहे.

आधी महिना, मग गावं

समुद्र आणि डोंगर दोन्ही एका खेपेत हवे असतील तर मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिल धरा. होई आनला तेव्हा ऊन असतं, पण परभणीचं ऊन अंगावर घेतलेल्या माणसाला ते सोसतं. उत्तरेला सा पाच्या डोंगरात संध्याकाळी स्वेटर लागतो. डिसेंबर-जानेवारीत तिथं कडाक्याची थंडी आणि धुकं असतं. पिवळ्याधमक भाताच्या पायऱ्या बघायच्या असतील तर सप्टेंबर चांगला, पण तेव्हा किनाऱ्यावर पाऊस सुरू व्हायला लागतो. मग समुद्र सोडून द्यायची तयारी ठेवा. जानेवारीचा तिसरा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा यांत कधीतरी तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद असतात, गाड्या भरलेल्या असतात, सगळा देश आपापल्या गावी निघालेला असतो. ते दिवस टाळाच.

महिना ठरला की गावं. माझं यावर पक्कं मत आहे: दोनच घ्या. एक समुद्राचं, एक डोंगराचं. समुद्राला पाच रात्री, डोंगराला चार. सात दिवसांत पाच शहरं करणारी माणसं आम्ही बघितली. रोज सकाळी बॅगा भरतात आणि रोज दुपारी खोली शोधतात. नव्या गावात पहिला दिवस वाटा चुकण्यात जातो. दुसऱ्या दिवशी भाजीबाजार सापडतो. तिसऱ्या दिवशी चहा-कॉफीवाली बाई आपल्याला ओळखते, न विचारता साखर कमी घालते. आपण लहान गावातली माणसं, आपल्याला हे ओळखीचं होणं लवकर जमतं. शहर बघायचं तर एक रात्र राजधानी हानोईत होतेच.

क्रमही सांगते: आधी समुद्र, मग डोंगर. होई आन सपाट आहे, सायकलीवर पाय मोकळे होतात, परक्या देशाची धास्ती जाते. मग चढ. आम्ही पहिल्या खेपेला उलटं केलं, तेव्हा गुडघ्यांनी पुढचे तीन दिवस त्याची आठवण दिली.

पासपोर्ट, व्हिसा आणि नावाचा घोळ

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा हवा. नवीन काढायचा असेल तर ३६ पानांचा, दहा वर्षांचा १५०० रुपयांत निघतो. पोलीस पडताळणीला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं, म्हणून तिकिटं पासपोर्ट हातात आल्यावरच काढा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा भारतीयांना ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा देतात. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. इथं एक गोष्ट जपा. शोधायला गेलात की सरकारी वाटाव्या अशा कितीतरी वेबसाइट वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे मागतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' असेल तरच पुढं जा. कागदावर तीन कामाचे दिवस म्हणतात, तुम्ही तीन आठवडे आधी भरा.

खरी अडचण आपल्या नावांची. आपलं नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन बहुतेक वेळा 'गिव्हन नेम'मध्ये एकत्र असतात. यांच्या अर्जात आम्ही मधलं नाव गाळलं. चूक लक्षात आली तेव्हा दुसरा अर्ज भरावा लागला, पहिली फी परत मिळत नाही. बायकांचं आणखी एक: आधारवर सासरचं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं असेल तर तिकीट, व्हिसा, विमा सगळं पासपोर्टच्याच नावानं करा. अर्ज एकानं भरायचा आणि दुसऱ्यानं पासपोर्ट हातात धरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचून तपासायचं. आम्ही आता हेच करतो. आलेल्या व्हिसाच्या दोन छापील प्रती काढा, दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा.

प्रवासविमा घ्याच. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि वर आठवडाभराच्या जास्तीच्या न्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथल्या दुकानदाराला कळत नाही.

वाट

मुंबईहून हानोईला थेट विमान आहे, साधारण पाच तासांचं. नांदेड-लातूरकडच्या लोकांनी हैदराबादहून काय मिळतं तेही बघावं. आम्ही आदल्या रात्री देवगिरीनं निघतो आणि मुंबईत एक अख्खा दिवस हातात ठेवतो. गाडीला उशीर झाला म्हणून विमान थांबत नाही.

हानोईला उतरून त्याच दिवशी दा नांगचं विमान धरायचं. मध्ये चार-पाच तास ठेवा, कारण नोई बाय विमानतळाची आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत टर्मिनलं वेगवेगळ्या इमारतींत आहेत. इमिग्रेशन करून, बॅगा घेऊन, विमानतळाच्या बसनं पलीकडं जावं लागतं. पुढचा प्रवास सव्वा-दीड तासाचा. दा नांगहून होई आन ३० किलोमीटर. होई आनला रेल्वे नाही. फोनवरच्या ग्रॅब अॅपनं गाडी बोलवा, भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही. १ जुलै २०२५ पासून होई आन दा नांग शहराच्या प्रशासनात गेलं आहे, त्यामुळं खोली बघताना पत्त्यात दा नांग दिसलं तर घाबरू नका, नकाशावर जागा बघा.

दुचाकी भाड्यानं घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. बायका-पोरं बिनधास्त चालवताना दिसतात, मोह होतो. पण तिथं चालणारा परवाना नसताना अपघात झाला तर विमा हात वर करतो. होई आनला सायकल पुरते. लांब जायचं तर गाडी आणि चालक घ्या.

पैसे: नोट उलटी करून बघा

एका रुपयाला सुमारे ३०० डोंग. म्हणजे लाखांचा हिशेब. सोपी रीत: शेवटची तीन शून्यं झाका, राहिलेल्याला तीननं गुणा, वर थोडं वाढवा. १ लाख डोंग म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये.

धोका दोन निळ्या नोटांत आहे. २० हजारांची निळी आणि ५ लाखांचीही निळसर. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर समोर हो ची मिन्ह. संध्याकाळच्या उजेडात फरक कळत नाही. मी आन बांग किनाऱ्यावर नारळपाणीवाल्या बाईंना एक नोट दिली आणि चालायला लागले. त्यांनी हाक मारली. माझ्या हातावर नोट परत ठेवली, ती उलटी केली, मग गल्ल्यातली दुसरी काढून शेजारी धरली. एकीवर झाडीतलं घर, दुसरीवर पूल. त्यांनी पुलावर बोट टेकवलं: ही. मी ६५-७० रुपयांच्या नारळाला सोळाशे-सतराशे रुपये देऊन निघाले होते. तो पूल म्हणजे होई आनमधलाच जपानी पूल. तेव्हापासून आमचा नियम आहे, निळी नोट देताना उलटी करायची. पूल दिसला तर २० हजार. आणि ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात.

निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करा. तो आपोआप चालू नसतो. आपलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही. इंटरनेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम. एटीएम दर वेळी फी घेतं, म्हणून थोडं थोडं काढू नका. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या. रोख आणि कार्डं दोघांनी वाटून घ्यायची, एकाच्या पर्समध्ये सगळं नको.

राहायला घरगुती होमस्टे घ्या. दोघांची स्वच्छ खोली हजार-बाराशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत मिळते.

जेवण

शाकाहारी माणसानं तिथं दोन शब्द शिकावेत. 'आन चाय' म्हणजे शाकाहार, आणि 'न्यूक माम' म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला खारट रस, जो साध्या परतलेल्या पालेभाजीतही चमचाभर पडतो. मांस नाही एवढं सांगून भागत नाही, हा रसही नको असं सांगावं लागतं. त्यांच्या भाषेत सुरांवर अर्थ बदलतो, आपला उच्चार त्यांना कळेलच असं नाही. म्हणून भाषांतर करून फोनमध्ये मोठ्या अक्षरात ठेवा आणि दाखवा. 'फो' ही शेवयांची प्रसिद्ध वाटी हाडांच्या पाण्यात करतात, शाकाहारी मुद्दाम मागावी लागते.

आता कालनिर्णय उपयोगी पडतं. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवशी 'चाय' पाटीची दुकानं भरलेली असतात, एरवी न करणारेही करतात. आणि चौदाव्या रात्री, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या रात्रीच्या सुमाराला, होई आनच्या जुन्या गावात विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. आम्ही दुसरी खेप ठरवताना कालनिर्णयातली पौर्णिमा बघूनच तिकिटं काढली. एखादा दिवस मागंपुढं होऊ शकतो, होमस्टेवाल्यांना विचारून घ्या.

घरून शेंगदाण्याची चटणी, दशम्या, धपाटे आणि येसर नेलं. धपाटे दोन दिवस टिकले.

होई आन: पाच दिवस कसे घालवावेत

सकाळी सहाला जुनं गाव रिकामं असतं. पिवळ्या भिंती, लाकडी दारं, झाडणाऱ्या बायका. आठनंतर गर्दी. जुनी घरं, सभागृहं आतून बघायला १ लाख २० हजार डोंगांचं तिकीट लागतं, त्यात पाच ठिकाणं होतात. हे गाव पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकात मोठं बंदर होतं. चिनी, जपानी व्यापारी इथं वसले. १९९९ साली युनेस्कोच्या यादीत आलं.

एक सकाळ चा क्वे या भाजीपाल्याच्या गावासाठी ठेवा, सायकलीनं पंधरा-वीस मिनिटं. शेतकरी घरातल्यांनी तर चुकवूच नये. हे तिथून दुपारपर्यंत हलले नाहीत. हाताएवढे रुंद वाफे, प्रत्येकात वेगळी भाजी, एकही तण नाही. नदी-तळ्यातलं शेवाळ काढून ते खत म्हणून जमिनीत घालतात. आणि पाणी द्यायची तऱ्हा! खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना झारी. माणूस दोन वाफ्यांच्या मधून चालतो, दोन्ही झाऱ्या एकदम कलत्या होतात, डाव्या-उजव्या वाफ्यावर सारखाच पाऊस पडतो. यांनी कावड खांद्यावर घेऊन बघितली. चालणं जमलं, दोन्हीकडं सारखं पाणी पाडणं जमलं नाही.

दुसरी सकाळ 'मी सन' नावाच्या जागी असलेल्या, जुन्या चाम राजांच्या मंदिरांसाठी. होई आनपासून ४० किलोमीटरच्या आसपास, गाडीनं तासभर. वेरूळ, औंढा, परळी बघितलेल्या माणसाला इथं काही समजावून सांगावं लागत नाही. चौथ्या ते तेराव्या शतकातली विटांची शिवालयं, भोवती डोंगर. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं इथल्या काही मंदिरांचं जतन केलं. ते काम चालू असताना २०२० साली नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मातीतून वर आलं. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत सगळ्यात उंच मंदिर पडलं, तिथं आता विटांचा ढिगारा आहे. मी त्या ढिगाऱ्यासमोर जास्त वेळ बसले. पहाटे निघा, नऊनंतर ऊन आणि बस दोन्ही वाढतात.

समुद्रासाठी आन बांग किनारा, गावापासून चार-पाच किलोमीटर. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. आपल्याला समुद्राची सवय नाही, हे मनात धरूनच वागावं.

एक दिवस दा नांगहून रेल्वेनं ह्वे शहराला जाऊन या. वाट हाय वान घाटाची. मोटारी २००५ पासून बोगद्यातून जातात, रेल्वे अजूनही कड्याच्या कडेनं, खाली समुद्र ठेवत वळणं घेते. जाताना उजव्या हाताची खिडकी मागा.

डोंगर: सा पा नाही, त्याच्या खालचं ता वान

दा नांगहून विमानानं हानोई, आणि रात्रीच्या गाडीनं लाओ काय. आठेक तास, चार बर्थचा डबा. स्लीपर बस लवकर नेते, पाच-सहा तासांत. चढताना चपला काढून पिशवीत ठेवायच्या आणि आडवं व्हायचं. पण बर्थ आखूड, घाटातली वळणं, आणि मध्येच उतरायची वेळ आली तर अवघड. साठीच्या माणसांनी रेल्वेच धरावी. देवगिरीनं रात्र काढायची आपल्याला सवयच आहे. लाओ कायहून सा पा ३८ किलोमीटर चढ, तासभर.

सा पा १५०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरापेक्षा उंच. पण गावात आता हॉटेलांवर हॉटेलं आणि बांधकामाची धूळ. आम्ही तिथं फक्त भाजीबाजार बघितला आणि मुआँग होआ दरीतल्या ता वान गावात उतरलो. फानसिपान शिखर ३१४० मीटरच्या वर, तिथं केबल कार जाते. सकाळी खिडकीतून शिखर दिसत असेल तरच तिकीट काढा, नाहीतर ढगात जाऊन ढगातून परत.

वाटाड्या म्हणून गावातलीच बाई घ्या. ह्मोंग, झाय, लाल दाओ अशा जमातींची ही वस्ती. आमच्या वाटाड्या ह्मोंग होत्या. पहिल्यांदा चहाचा पेला पुढं केला तेव्हा मला वाटलं हाताला काही लागलंय. बोटं मनगटापर्यंत निळी होती, नखांच्या कडा काळ्यानिळ्या. अंबाडीसारखा धागा देणारं भांगेच्या जातीचं झाड त्या स्वतः लावतात, सोलतात, सूत काढतात, विणतात आणि निळीच्या पिंपात पुन्हा पुन्हा बुडवतात. ती निळी हाताची जात नाही. बाजारात यंत्रावरचं कापडही याच नावानं विकतात. ओलं बोट कापडावर घासा. बोट निळं झालं तर खरं असण्याची शक्यता जास्त. असं कापड घेतलंत तर घरी वेगळं धुवा, आणि भाव फार पाडू नका. पैठणीमागं किती दिवस जातात हे आपल्याला ठाऊक आहे.

बांधावरच्या पायवाटा पावसानंतर निसरड्या होतात. धरणारे तळवे असलेले बूट घरून आणा, काठी तिथं मिळते. दिवसाला आठ-दहा किलोमीटरपेक्षा जास्त ठरवू नका.

तिसऱ्या संध्याकाळी मी होमस्टेच्या ताईंना विचारून चूल घेतली आणि येसराची आमटी केली. चुलीशी त्याही बसल्या. वास आल्यावर त्यांनी कोथिंबिरीची जुडी पुढं केली, आणि आमटी भातावर घेऊन दोनदा खाल्ली. उरलेलं येसर मी डब्यासकट तिथंच ठेवलं.

दोघांचं आपसात

कामं वाटून घ्या आणि मग दुसऱ्याच्या कामात बोलू नका. आमच्याकडं नकाशा आणि गाड्या यांच्याकडं, खोल्या आणि पैसे माझ्याकडं. थकलेल्या, भुकेल्या माणसानं कोणताही निर्णय घ्यायचा नाही, आधी खायचं. पाच दिवसांतला एक अर्धा दिवस वेगवेगळा घालवा. हे चा क्वेला दुसऱ्यांदा गेले, मी शिंप्याकडं बसले. संध्याकाळी सांगायला दोघांकडंही काहीतरी होतं. चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ते रोज सकाळी ठरवा. होई आनला आमची जागा जपानी पूल होती.

परत निघताना उरलेले डोंग हानोईतच संपवा किंवा बदलून घ्या, परभणीत ते कोणी घेत नाही. आम्ही कॉफी घेतली, शेजारच्या काकूंसाठीही एक पुडा. मुंबईला विमान उतरल्यावर त्याच रात्रीचं रेल्वेचं तिकीट काढू नका, दुसऱ्या दिवशीचं काढा.